छोट्या आउटबोर्डच्या दोन पिवळ्या वायरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. होडीच्या मागे बाहेरून बसवलेलं ६ एचपीचं, दोरी ओढून सुरू होणारं आउटबोर्ड इंजिन. हुडाखालून दोन पिवळ्या वायरी बाहेर आल्या आहेत, त्यांना आजवर काहीच जोडलेलं नाही. त्यांच्यावर फिशफाइंडर (पाण्याची खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र), दोन-तीन एलईडी दिवे, छोटा रेडिओ आणि फोनचं चार्जिंग चालवायचंय. बॅटरीचं ओझं नको म्हणून ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि एक मोठा कपॅसिटर लावून सगळं थेट जोडलं तर चालेल का?

थेट जोडू नका. त्या वायरी जरूर वापरा, पण मध्ये बॅटरी हवीच. छोटं आउटबोर्ड उपकरणं चालवत नाही. उपकरणं चालवते बॅटरी, इंजिन तिच्यात थोडी थोडी भर घालत राहतं. एवढं मनाशी पक्कं केलंत की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. असं का ते जरा सविस्तर सांगतो, कारण बॅटरी टाळायच्या नादात जळालेली उपकरणं मी बरीच उघडून पाहिली आहेत.

दोरी ओढल्यावर जे जड चाक फिरतं, त्या फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबकं बसवलेली असतात. त्याच्या पोटात, न फिरणाऱ्या प्लेटवर कॉइल असतात. त्यातली एक ठिणगीसाठी वीज तयार करते. ती बारीक तारेची, भरपूर वेढ्यांची असते आणि तिच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. दुसरी जाड तारेची, कमी वेढ्यांची. ही लाइटिंग कॉइल. तुमच्या पिवळ्या वायरी तिच्याच असणार, तरी रंगावर विसंबू नका. रंग कंपनीगणिक बदलतात, आणि जुन्या इंजिनात कुणी आधी हात घातला असेल तर काहीही असू शकतं. एवढ्या इंजिनांवर ही कॉइल बहुधा ६० किंवा ८० वॉटची असते, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ५ ते साडेसहा अँपिअर. तेही इंजिन चांगल्या वेगात असताना.

या कॉइलमधून एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज येते, आणि तिचा व्होल्टेज ठरलेला नसतो. आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं संथ चालू असताना, जेमतेम ५ ते ८ व्होल्ट दिसतील. थ्रॉटल वाढवलं आणि वायरींना काही जोडलेलं नसलं तर मीटर ४० व्होल्टच्याही पुढे जाऊ शकतो. आकडा पाहून लोक घाबरतात, किंवा 'अरे वा, भरपूर वीज आहे' म्हणून खूश होतात. दोन्ही चूक. या कॉइलचा स्वभाव आपल्या घरच्या प्लगसारखा नाही. प्लगमध्ये व्होल्टेज ठरलेला असतो आणि उपकरण लागेल तेवढाच करंट घेतं. इथे उलट असतं. वेग वाढतो तसा कॉइलमध्ये तयार होणारा दाब वाढतो, पण एसीची फ्रीक्वेन्सीही वाढते, आणि त्याबरोबर कॉइलचा स्वतःचा अडथळाही त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे करंट एका मर्यादेवर जाऊन थांबतो. १५०० ते ३००० आरपीएममध्ये तो झपाट्याने चढतो आणि पुढे जवळजवळ सपाट होतो. म्हणजे ही कॉइल ठरावीक करंट ढकलणारी वस्तू आहे. तो करंट घेणारं कुणी नसलं, तर कुणीतरी घेईपर्यंत ती व्होल्टेज चढवत राहते.

आता तुमचा फिशफाइंडर घ्या. पाच इंची पडद्याचं साधं यंत्र साधारण १० वॉट, म्हणजे ०.८ अँपिअर घेतं. कॉइल ढकलतेय ५ अँपिअर. उरलेले ४ अँपिअर जाणार कुठे? कपॅसिटरमध्ये. १०,००० मायक्रोफॅरडचा, म्हणजे बऱ्यापैकी मोठा कपॅसिटर लावला असं धरू. ४ अँपिअर जादा करंटने त्याचा व्होल्टेज सेकंदाला ४०० व्होल्ट या गतीने चढतो. १४ वरून २४ व्होल्टवर पोचायला एका सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. कपॅसिटर लाटा सपाट करतो, पण जादाचा करंट सतत गिळत राहणं त्याला जमत नाही. तो भरला की संपलं. होडीवरच्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक यंत्रांची मर्यादा १७ ते २० व्होल्टच्या आसपास असते.

माझ्याकडे आलेली एक जोडणी अगदी अशीच होती. धक्क्यावर, आयडलला सगळं छान चाललं. पडदा लागला, खोली दिसू लागली, मालक निर्धास्त झाला. मोकळ्या पाण्यात जाऊन थ्रॉटल उघडलं आणि काही सेकंदांत पडदा काळा. यंत्र उघडलं तर आत वीज येते तिथल्या भागावर करपल्याचा तपकिरी डाग होता, आणि बाहेर लावलेला २५ व्होल्टचा कपॅसिटर डोक्यावर फुगून त्याची पत्र्याची टोपी फाटली होती. इंजिनात दोष नव्हता, यंत्रातही नव्हता. मध्ये बॅटरी नव्हती एवढंच.

बॅटरी हे काम किती सहज करते पाहा. तिच्या टोकांवरचा व्होल्टेज ती स्वतःच धरून ठेवते. जादा ४ अँपिअर आले तर ती ते पोटात घेते आणि व्होल्टेज १२.६ वरून १३ च्या घरात जातो, बस. आयडलला कॉइलकडून काहीच आलं नाही तर फिशफाइंडरचे ०.८ अँपिअर तीच देते. दोन्ही बाजूंची उणीव तीच भरून काढते. अर्थात बॅटरी पूर्ण भरली की तिचीही सामावून घ्यायची क्षमता संपते, आणि तिथे व्होल्टेजला लगाम घालणारा रेग्युलेटर लागतो. त्याच्याकडे येतोच.

काही विकत घेण्याआधी मात्र मल्टिमीटर काढा. इंजिन बंद असताना दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. लाइटिंग कॉइलचा तो फार कमी असतो, बहुधा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी. मीटरच्या स्वतःच्या वायरीच दोन-तीन दशांश ओहम दाखवतात, त्यामुळे आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून तो आकडा वजा करा. शेकडो ओहम दिसले तर तिथेच थांबा, ती इग्निशनची बाजू आहे. आणि इंजिन बंद करणाऱ्या बटणाच्या वायरीला तर हातही लावू नका. सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेटीतून ठिणगी देणाऱ्या इंजिनात ती वायर अर्थ झाली, म्हणजे इंजिनाच्या धातूला लागली, की ठिणगी बंद होते. तिच्यात बाहेरून १२ व्होल्ट गेले तर सीडीआय कायमचा जाऊ शकतो. छोट्या इंजिनाच्या किमतीच्या मानाने तो भाग महाग असतो.

मग मीटरचं एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा. रंग लावलेल्या जागी नको, खरवडलेल्या बोल्टवर. दुसरं टोक आळीपाळीने दोन्ही वायरींना लावा. कुठल्याच वायरीचा इंजिनाशी संबंध दिसला नाही तर कॉइल मोकळी आहे, आणि तिला चार डायोडचा पूर्ण ब्रिज लावता येतो. एका वायरीचा संबंध दिसला तर कॉइलचं एक टोक आतच अर्थ केलेलं आहे. ही तपासणी दोन मिनिटांची, पण लोक नेमकी हीच टाळतात. अर्थ केलेल्या कॉइलला पूर्ण ब्रिज लावला आणि बॅटरीचं निगेटिव्हही इंजिनाच्या धातूला जोडलं, की ब्रिजमधला एक डायोड अर्ध्या लाटेला कॉइल शॉर्ट करतो. चार्जिंग निम्म्यावर येतं, डायोड तापतो, आणि माणूस इंजिनाला दोष देत बसतो. अशा कॉइलला एकतर अर्ध्या लाटेवर चालणारं युनिट लावायचं, किंवा फ्लायव्हील काढून ते टोक मोकळं करून बाहेर आणायचं. दुसरा मार्ग चांगला, पण तो फ्लायव्हील काढायची सवय असलेल्या माणसानेच करावा.

कॉइल खरोखर किती देते हे बघायला मी दुचाकीच्या किंवा गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब वापरतो. बल्ब सरळ दोन पिवळ्या वायरींना जोडायचा. त्याला एसी-डीसीचा फरक पडत नाही. आयडलला तार नुसती लालसर होते. थ्रॉटल थोडं उघडलं की नारिंगी, मग पिवळी, आणि चांगल्या वेगाला पांढरी पडते. त्याच वेळी बल्बच्या टोकांवर एसी व्होल्टेज मोजा. लोडखालचा हा आकडा खरा, मोकळ्या वायरींवरच्या ४० व्होल्टला काही अर्थ नाही. बल्ब वेगातही मिणमिणतच राहिला तर कॉइल कमजोर आहे किंवा चुंबकं उतरली आहेत. ही चाचणी जमिनीवर, पाण्याच्या बादलीत इंजिन ठेवून पूर्ण वेगाने करू नका. लोड नसलेलं इंजिन बेभान फिरतं, आणि थंड करणारं पाणी कमी पडलं तर पंपाची रबरी चाकी मिनिटभरात जाते. होडीतच करा, एक माणूस सुकाणूवर आणि एक मीटरवर. हूड काढलेला असेल तर सैल बाही, दोरी, केस त्या फिरत्या चाकापासून लांब ठेवा.

रेग्युलेटरबद्दल जरा जास्त बोलावं लागेल, कारण गोंधळ इथेच होतो. नुसत्या ब्रिज रेक्टिफायरने एसीचा डीसी होतो, पण व्होल्टेजला लगाम बसत नाही. कित्येक जुन्या आउटबोर्डांवर कंपनीने फक्त रेक्टिफायरच दिलेला असे आणि पाणी भरायच्या मोठ्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीलाच लगाम मानलेलं असे. ते चालतं, पण बॅटरी भरल्यानंतर येणारा करंट तिच्यातलं पाणी फोडण्यात जातो. भरलेल्या बॅटरीत ५ अँपिअर सहा तास जात राहिले तर प्रत्येक सेलमधलं सुमारे १० मिलीलिटर पाणी उडतं आणि सहा सेल मिळून ७५ लिटरच्या आसपास हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो, आणि छोट्या होडीत बॅटरी बहुतेक वेळा पेट्रोलच्या टाकीशेजारीच असते. सीलबंद बॅटरीत तर पाणी परत भरताही येत नाही. ती फुगते आणि जाते. म्हणून रेग्युलेटर हवाच.

बाजारात मिळणारे स्वस्त रेग्युलेटर-रेक्टिफायर दुचाकींचे असतात आणि ते या कामाला चालतात, पण सगळे नाही. दोन एसी वायरी, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह असा पूर्ण लाटेचा प्रकार मोकळ्या कॉइलसाठी घ्या. दिसायला जवळजवळ तसाच, चार पिनांचा एक दुसरा प्रकार आहे. त्यात अर्धी लाट बॅटरीला आणि एसी सरळ हेडलाइटला जातो, आणि तो अर्थ केलेल्या कॉइलसाठी असतो. मोकळ्या कॉइलवर तो लावलात तर चार्जिंग अर्धंमुर्धं होईल किंवा होणारच नाही. पिना सारख्या आहेत म्हणून घेऊन येऊ नका, वायरिंगचा नकाशा बघा.

यातले बहुतेक शंट पद्धतीचे असतात. बॅटरी साधारण १४.४ व्होल्टला पोचली की ते कॉइलच शॉर्ट करतात. 'कॉइल शॉर्ट' हे ऐकून दचकायचं कारण नाही. वर सांगितल्याप्रमाणे या कॉइलचा करंट ती स्वतःच मर्यादेत ठेवते, त्यामुळे शॉर्ट असतानाही तेच ५-६ अँपिअर फिरतात. कॉइल आणि रेग्युलेटर गरम मात्र होतात. म्हणून रेग्युलेटर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर, वारा लागेल अशा जागी, घट्ट बोल्टने बसवा. प्लास्टिकच्या डबीत बंद करू नका. नुसता ब्रिज लावला तरी हेच लागू: करंट एका वेळी दोन डायोडमधून जातो, त्यात दीड-दोन व्होल्ट पडतात, आणि ५ अँपिअरला सात ते दहा वॉट उष्णता होते. हाताला चटका बसण्याइतकी.

तुमच्या इंजिनाच्या कंपनीचा मूळ चार्जिंग संच मिळत असेल तर मी तोच घ्या म्हणेन, थोडा महाग पडला तरी. त्याची वायरिंग, त्याचे प्लग, बसवायची जागा सगळं जुळून येतं, आणि खारं पाणी उडेल हे धरूनच तो सील केलेला असतो.

या चार्जिंगने पेट्रोल जास्त जळेल का, असंही बरेच जण विचारतात. ६ एचपी म्हणजे जवळजवळ ४५०० वॉट. त्यातले ६० वॉट म्हणजे दीड टक्काही नाही. कळणारही नाही.

आता हिशेब. माझ्या मते या सगळ्यात हेच सर्वांत महत्त्वाचं काम आहे, आणि ते वहीत पेन्सिलीने होतं. तुमच्या यादीप्रमाणे आठ तासांचा एक दिवस धरतो. फिशफाइंडर ०.८ अँपिअर, आठ तास, म्हणजे ६.४ अँपिअर-तास. तुमचा रेडिओ व्हीएचएफ, म्हणजे होडीवरून बोलायचा, असेल असं धरतो; तो ऐकत असताना साधारण ०.४ अँपिअर, आठ तासांचे ३.२. बोलताना २५ वॉटचा रेडिओ पाच-सहा अँपिअर ओढतो, पण दिवसभरात बोलणं पाच मिनिटांचं, म्हणजे अर्ध्याहून कमी. एलईडी दिवे सगळे मिळून ०.४ अँपिअर, तीन तास, १.२. एक फोन पूर्ण भरायला दीड. यादीत नसला तरी पाणी उपसणारा छोटा पंपही धरतो: अडीच अँपिअरचा, दहा मिनिटं, ०.४. बेरीज सुमारे १३ अँपिअर-तास.

जमेची बाजू. छोट्या होडीचं इंजिन आठ तास जोरात चालत नाही. जाताना एक तास, येताना एक तास, बाकी नांगर टाकून किंवा अगदी हळू सरकत. त्या दोन तासांत कॉइल ४ अँपिअरच्या आसपास देईल असं धरा, ८ अँपिअर-तास झाले. बॅटरीत भरलेलं सगळं परत मिळत नाही, त्यामुळे हातात सात पडतील. हळू सरकताना, १२०० आरपीएमच्या आसपास, अर्धा-एक अँपिअर आला तरी नशीब. कित्येक कॉइल तेवढ्या वेगाला बॅटरीचा व्होल्टेजसुद्धा ओलांडू शकत नाहीत आणि काहीच देत नाहीत. म्हणजे १३ खर्च, ७ जमा. रोज सहाची तूट.

ही तूट इंजिन आयडलला ठेवून भरायला जाऊ नका. मी तासन्तास असं इंजिन घुरघुरत ठेवणारे पाहिले आहेत. प्लगवर काजळी धरते, पेट्रोल जातं आणि बॅटरीत थेंबभर येतं. दोन सरळ मार्ग आहेत. बॅटरी मोठी घ्या आणि घरी आल्यावर चार्जरला लावा. किंवा एक ५० वॉटचं सोलर पॅनेल लावा. चांगल्या उन्हाचे चार-पाच तास मिळाले तर सगळी गळती धरूनसुद्धा त्यातून दिवसाला १० ते १२ अँपिअर-तास येतात. म्हणजे तुमच्या इंजिनापेक्षा जास्त, आणि तेही नांगरावर, इंजिन बंद असताना. दोन्ही एकाच बॅटरीला जोडायला हरकत नाही, पॅनेलला त्याचा स्वतःचा कंट्रोलर असला की झालं. मला आज नव्याने होडी सजवायची असती तर मी पॅनेल आधी घेतलं असतं आणि कॉइलचा विचार नंतर केला असता.

बॅटरी किती मोठी? लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. १३ चा खर्च आणि थोडी शिल्लक धरता ३० ते ३५ अँपिअर-तासांची एजीएम (सीलबंद प्रकारची लेड) बॅटरी तुमच्या कामाला बरोबर बसेल. ती कलंडली तरी सांडत नाही, हादरे सोसते. गाडीची स्टार्टर बॅटरी या कामाची नाही; तिच्या पातळ प्लेटा क्षणभर मोठा करंट द्यायला असतात, दिवसभर रिकामं होणं त्यांना सोसत नाही. तुमचं इंजिन दोरीने सुरू होतं आणि ठिणगीची कॉइल वेगळी आहे, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तरी इंजिन सुरू होईल आणि तुम्ही परत याल. सेल्फस्टार्टवाल्यांना ही सवलत नाही, त्यांनी उपकरणांसाठी दुसरी बॅटरी ठेवावी.

लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी वजनाला हलकी, म्हणून मोह होतो. तिच्या आत एक संरक्षक सर्किट असतं, आणि व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला किंवा सेल फार गार असले की ते बॅटरीच तोडतं. इंजिन वेगात असताना तसं झालं तर कॉइलच्या बाजूने पाहता बॅटरी अचानक नाहीशी झाली, आणि आपण पुन्हा कपॅसिटरवाल्या कथेत येतो. खात्रीचा, १४.४ वर थांबणारा रेग्युलेटर असेल तर धोका कमी होतो. नुसत्या रेक्टिफायरवर लिथियम लावू नका. लिथियमच हवी असेल तर कॉइलने एक छोटी लेड बॅटरी भरावी आणि तिच्यावरून डीसी-डीसी चार्जरने, म्हणजे एका बॅटरीवरून दुसरी भरणाऱ्या यंत्राने, लिथियम. पण मग वजन वाचलं कुठे, हा प्रश्न उरतोच. अशा होडीला लिथियम बॅटरी घरून भरून आणणं आणि इंजिनाला न जोडणं हाच सुटसुटीत मार्ग आहे.

जोडणीचा क्रम चुकवू नका. रेग्युलेटरमधून निघालेली पॉझिटिव्ह वायर आधी बॅटरीला, आणि उपकरणांची वायर बॅटरीवरून वेगळी. उपकरणं रेग्युलेटरच्या वायरीत मध्येच अडकवली आणि बॅटरीकडचा फ्यूज उडाला, तर कॉइल सगळा राग त्याच उपकरणांवर काढते. त्याच कारणासाठी बॅटरीचा मुख्य स्विच असेल तर चार्जिंगची वायर स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला, स्वतःच्या १० अँपिअर फ्यूजमधून जोडा, म्हणजे इंजिन चालू असताना कुणी स्विच फिरवला तरी कॉइल आणि बॅटरीची ताटातूट होणार नाही. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल कधीही काढू नका.

फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, उपकरणाजवळ नाही. अमेरिकी बोटिंगच्या मानकात बॅटरीपासून ७ इंच, म्हणजे साधारण १८ सेंटिमीटरच्या आत असं अंतर सांगितलेलं आहे, आणि ते मला पटतं. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी शॉर्ट झाली तर काही शे अँपिअर सोडू शकते, आणि फ्यूजच्या अलीकडे जेवढी वायर असेल तेवढी लाल होऊन जळते.

वायरीच्या जाडीत हात आखडता घेऊ नका. इंजिन मागे, बॅटरी पुढे, अंतर चार मीटर धरलं तर करंटचा प्रवास जाऊन-येऊन आठ मीटर होतो. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ५ अँपिअरला त्या अंतरात जवळजवळ ०.७ व्होल्ट पडतात. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३. सात दशांश व्होल्ट म्हणजे काय एवढं, असं वाटेल, पण रेग्युलेटर १४.२ देत असेल तर बॅटरीपर्यंत १३.५ च पोचतात आणि ती उशिरापर्यंत भरतच नाही. एका होडीवर मी अशीच तक्रार शोधत होतो: नवी बॅटरी, नवा रेग्युलेटर, तरी बॅटरीवर वेगातही १३.१ च्या वर आकडा जाईना. रेग्युलेटरच्या टोकांवर मोजलं तर १४.३ होते. मधला सव्वा व्होल्ट कुठे मुरतोय म्हणून मीटर वायरीबरोबर पुढे सरकवत नेला. निगेटिव्हच्या एका लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, येऊन थांबलो. वरून रबर धड दिसत होतं. ते मागे सरकवलं तर आत हिरवी पूड, आणि तांब्याच्या तारा बोटाने चुरगळल्यावर तुटत होत्या. लग कापला, वायर मागे मागे सोलत गेलो, तर जवळजवळ अर्धा हात अंतर आत तार काळी पडली होती. खारं पाणी तारांच्या पोकळीतून असं वर चढतं.

म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली बारीक तारांची वायर घ्या, लग चांगल्या पक्कडीने क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा, आणि वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. नुसत्या डागकामावर विसंबू नका. डाग जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. आउटबोर्ड वळतं आणि वर उचललं जातं, त्यामुळे इंजिनाकडची वायर सैल वळसा देऊन बांधा आणि पूर्ण वळवून, पूर्ण उचलून बघा की ती कुठे ताणली जात नाही. बॅटरी झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने बांधून, हवा खेळेल अशी, आणि पेट्रोलच्या टाकीपासून जमेल तितकी दूर. स्विच आणि यूएसबी सॉकेटही टाकीपासून लांबच.

यूएसबीबद्दल एक सांगायचं राहिलं. फार स्वस्त चार्जर रेडिओत खरखर आणतात. फिशफाइंडरवर इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणाऱ्या रेषा दिसल्या तर त्याची वायर इंजिनाच्या वायरींपासून वेगळ्या बाजूने न्या, आणि स्पार्क प्लग रेझिस्टरचा आहे ना ते पाहा. त्याने भागलं नाही तर फिशफाइंडरला ७ अँपिअर-तासांची स्वतंत्र छोटी बॅटरी देऊन टाकणं हा माझा आवडता उपाय आहे. निम्म्यापर्यंतच उतरवायची धरली तरी ती सुमारे चार तास आरामात चालवते.

ज्यांच्या इंजिनातून अशा वायरी येतच नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात: २ ते ३.५ एचपीच्या बऱ्याच इंजिनांत लाइटिंग कॉइल नसते. मॅन्युअलमध्ये किंवा सुट्या भागांच्या यादीत ती पर्याय म्हणून दिलेली असेल आणि प्लेटवर तिची जागा रिकामी असेल तरच बसवायचा विचार करा. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो. क्रँकशाफ्टच्या टोकावर हातोडी मारून ते काढणाऱ्याने बेअरिंगची वाट लागण्याची तयारी ठेवावी. परत बसवताना शाफ्टचा उतरता भाग कोरडा आणि स्वच्छ, आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच. नुसते फोन आणि एक दिवा चालवायचा असेल तर हा खटाटोप कशाला? २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ७४ वॉट-तास, १२ व्होल्टच्या भाषेत सहा अँपिअर-तास. ती खिशात मावते.

तुम्ही सुरुवात मीटरने करा: रेझिस्टन्स, मग अर्थची तपासणी, मग बल्ब. सगळं जोडून झाल्यावर बॅटरीच्या टोकांवर तीन आकडे लिहून ठेवा. इंजिन सुरू करण्याआधी, आयडलला, आणि अर्ध्या थ्रॉटलला. १२.५, १२.६, आणि काही मिनिटांनी चढत १३.५ च्या पुढे, असं काहीसं दिसलं तर काम बरोबर झालं. अर्ध्या थ्रॉटललाही १२.५ च राहिला तर चार्जिंग होत नाहीये. १५ च्या वर गेला तर इंजिन लगेच बंद करा, रेग्युलेटर काम करत नाहीये. आणि तोवर त्या दोन पिवळ्या वायरींची टोकं वेगवेगळी झाकून, एकमेकींना आणि इंजिनाच्या धातूला लागणार नाहीत अशी बांधून ठेवा. नुसत्या लोंबकळत ठेवू नका.